डीसीटी बाईकचा गिअर पडत नाही? आधी हे तपासा

रायबंदरहून सुटलेली फेरीबोट चोडणच्या धक्क्याला लागते, पुढची फळी खाली येते, मागून स्कूटरींचे हॉर्न सुरू होतात. तुम्ही अंगठ्याने ‘डी’ (ड्राइव्ह) दाबता, तर पडद्यावर ‘एन’च (न्यूट्रल). पुन्हा दाबता, पुन्हा ‘एन’. बारा-पंधरा लाखांची गाडी आणि पायाखाली गिअरचा लिव्हर नाही, हातात क्लच नाही. पहिल्यांदा असं झालं की माणूस गोंधळतो आणि थेट ‘गिअरबॉक्स गेला’ या निष्कर्षावर येतो.

नव्याने डीसीटी गाडी, म्हणजे दोन क्लचची, आपोआप गिअर बदलणारी बाईक घेतलेल्या, किंवा मित्राची चार दिवस चालवायला घेतलेल्या गोव्यातल्या मंडळींसाठी हा लेख आहे. गिअर न पडणं आणि गिअरबॉक्स बिघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही गाडी काही ठरावीक परिस्थितीत गिअर घालायला मुद्दाम नकार देते, आणि तो नकार तुमच्या सुरक्षेसाठी असतो. म्हणून प्रश्न पहिल्यांदा ‘काय बिघडलं’ असा विचारू नका. ‘ती नकार का देतेय’ असा विचारा. याचं उत्तर बहुतेक वेळा जागेवरच, एकही पाना न लावता सापडतं. न सापडलं तर मात्र हट्ट करायचा नाही. कुठे थांबायचं तेही पुढे सांगितलं आहे.

आधी यंत्र समजून घ्या

मोटरसायकलीत ड्युअल क्लच ट्रान्समिशन, म्हणजेच डीसीटी, होंडाने आणलं, २०१० च्या व्हीएफआर १२००एफ या गाडीत. भारतात ते २०१७ मध्ये आफ्रिका ट्विनमधून रस्त्यावर दिसू लागलं. गोल्ड विंगमध्ये सात गिअरचं डीसीटी आहे आणि २०२५ पासून एक्स-एडीव्हीही इथे मिळते. गोव्याच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या डीसीटी गाड्या बहुतेक याच तिघींपैकी असतात.

आत दोन क्लच आहेत. एक १, ३, ५ हे विषम गिअर सांभाळतो, दुसरा २, ४, ६ हे सम. तुम्ही तिसऱ्यात चालत असता तेव्हा चौथा आधीच जुळवून ठेवलेला असतो. मग एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो. आई एका हाताने घास भरवते आणि दुसऱ्या हाताने पुढचा घास कालवून ठेवते, तसंच.

हे क्लच दाबतं ते इंजिन ऑइल. पंपाने तयार झालेला ऑइलचा दाब विजेवर चालणाऱ्या झडपांतून क्लचपर्यंत जातो. गिअर बदलणारा ड्रम एक छोटी मोटर फिरवते. केव्हा काय करायचं हे गाडीचा संगणक ठरवतो, तोही चाकांचा वेग, थ्रॉटल, ऑइलचा दाब आणि ड्रमची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरांवरून.

यातून तीन गोष्टी ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे. इंजिन बंद असेल तर ऑइलला दाब नाही, म्हणजे क्लच सुटलेलेच. म्हणून गाडी धक्का मारून सुरू होत नाही आणि गिअरमध्ये अडकवून उभीही करता येत नाही. दुसरं, ऑइल खराब किंवा कमी असेल तर त्याचा परिणाम गिअरवर होतो. तिसरं, बॅटरी अशक्त असेल तर मोटर आणि संगणक दोघेही गडबडतात.

आणि एक खुलासा. अलीकडे बाजारात आलेली होंडाची ई-क्लच, बीएमडब्ल्यूची एएसए, यामाहाची वाय-एएमटी ही डीसीटी नव्हेत. त्यांत क्लच एकच असतो, फक्त तो आपोआप दबतो. त्या गाड्यांना खालच्या पायऱ्या जशाच्या तशा लावू नका.

‘एन’वरून ‘डी’ पडत नाही

सगळ्यात जास्त येणारी तक्रार ही. क्रमाने जा, एकही पायरी गाळू नका.

सगळ्यात आधी इंजिन खरंच चालू आहे का ते पाहा. हसू नका. फेरीवर, सिग्नलला किंवा म्हापशाच्या बाजारात बाजूच्या गोंगाटात इंजिन बंद पडलेलं कळत नाही, पडदा मात्र झगमगत असतो. नुसतं इग्निशन चालू ठेवून ‘डी’ पडणार नाही. किल स्विच (इंजिन बंद करणारं बटण) चुकून दाबला गेलाय का तेही याच वेळी पाहून घ्या.

मग साईड स्टँड. स्टँड खाली असेल तर गाडी ‘डी’ घेणार नाही. स्टँड वर दिसत असला तरी तो पूर्ण वर गेला आहे का, ते पायाने ढकलून खात्री करा. स्टँडच्या मुळाशी एक छोटा स्विच असतो आणि गोव्यात त्याचे हाल होतात. डिचोली-साखळी भागातली लाल धूळ, पावसाळ्यातला चिखल, किनाऱ्याची रेती आणि खारी हवा हे सगळं त्या सांध्यात जाऊन बसतं. स्टँड चार-पाच वेळा खाली-वर करा, जमल्यास बाटलीतलं साधं पाणी ओतून चिखल धुऊन काढा आणि पुन्हा ‘डी’ दाबा. यानंतर गिअर पडला तर दोष स्विचचा आहे. तो साफ करून घ्या किंवा बदला. कोणी तो स्विच कायमचा जोडून टाकायचा सल्ला दिला तर ऐकू नका. खाली राहिलेला स्टँड डाव्या वळणावर जमिनीला टेकतो आणि गाडी फेकली जाते. तो स्विच आहे तो याचसाठी.

त्यानंतर उजवा हात. थ्रॉटल जरा जरी उघडं असेल तर ‘डी’ पडत नाही. पावसाळी जाड हातमोजे, मुठीवर चढवलेली रबरी कव्हरं, तळहात टेकवून मूठ पिळलेली ठेवायला लावलेला क्रूझ असिस्टचा तुकडा, यांपैकी कशानेही मूठ किंचित उघडी राहते. मूठ पूर्ण सोडा. ती आपोआप झटकन मागे येते का पाहा. येत नसेल तर मूठ कशात तरी अडकते आहे आणि ते आधी सोडवायला हवं, कारण तो प्रश्न गिअरपेक्षा गंभीर आहे.

गाडी हलत असतानाही ‘डी’ मिळत नाही. उतारावर एनमध्ये घरंगळत खाली येत असाल आणि वाटेतच ‘डी’ दाबत असाल तर ती ऐकणार नाही. ब्रेक धरा, चाकं पूर्ण थांबू द्या, मग दाबा. फेरीच्या फळीवर नेमकं हेच होतं. पुढच्या गाडीमागे आपण पायाने ढकलत सरकत असतो आणि सरकता सरकता बटण दाबत असतो.

सकाळी इंजिन थंड असताना आयडल (मूठ न पिळता इंजिन फिरतं तो वेग) चढलेला असतो. अशा वेळी गिअर पडतो तेव्हा मोठा ‘ठक’ आवाज येतो आणि गाडी किंचित पुढे झेपावते. थोडा वेळ जाऊ द्या, आयडल खाली बसू द्या, ब्रेक धरा आणि मग ‘डी’ दाबा. गरम इंजिनातही ‘ठक’ येतोच, तो आवाज बिघाडाचा नाही.

इतकं करूनही ‘एन’ हलत नसेल आणि कुठलाही दिवा लुकलुकत नसेल, तर इग्निशन बंद करा, थोडं थांबा, पुन्हा चालू करा, इंजिन सुरू करा आणि तेच एकदा करून पाहा. गाडी आडवी पडली असेल तर हे करावंच लागतं. पडल्यावर एक सेन्सर इंजिन बंद करतो आणि इग्निशन बंद-चालू केल्याशिवाय तो सोडत नाही. मांद्रे-मोरजीच्या रेताड वाटांवर उभ्या जागी गाडी पडणं नवं नाही, त्यामुळे हे लक्षात असू द्या.

‘डी’ पडला, पण गाडी जागची हलत नाही

बहुतेक वेळा पार्किंग ब्रेक ओढलेला राहिलेला असतो. डीसीटी गिअरमध्ये ठेवून उभी करता येत नाही, म्हणून तिला वेगळा पार्किंग ब्रेक दिलेला आहे. स्कूटर किंवा साध्या बाईकवरून आलेल्या माणसाला त्याची सवय नसते. तो कधी लावायचा विसरतो, कधी सोडायचा. लावायचा विसरलात तर उतारावर गाडी स्टँडवरून पुढे सरकून पडू शकते. फेरीत, मंगेशी-म्हार्दोळच्या चढउतारांवर, घराच्या उतरत्या अंगणात, प्रत्येक वेळी तो लावाच. सोडायचा विसरलात तर मागचं चाक ओढल्यासारखं चालतं, ब्रेक तापतो आणि वास येतो.

ब्रेक सुटलेला आहे, ‘डी’ दिसतोय, रेस दिल्यावर इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी पुढे जात नाही किंवा फार हळू जाते, असं असेल तर क्लच धरत नाहीये. रेस देऊन बघत राहू नका. इंजिन बंद करा आणि ऑइल तपासा.

ऑइल

डीसीटी गाडीत ऑइल हे क्लचचे स्नायू आहेत, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

पातळी मोजण्याची पद्धत गाडीच्या पुस्तकात दिलेली असते, तीच वापरा. साधारण रीत अशी: इंजिन काही मिनिटं चालवून गरम करा, बंद करा, दोन-तीन मिनिटं ऑइल खाली उतरू द्या, गाडी सपाट जागी सरळ उभी धरा आणि मग दांडीवर किंवा काचेच्या खिडकीत पाहा. स्टँडवर तिरकी असताना घेतलेलं माप चुकीचंच येतं. थंड इंजिनचं मापही फसवतं.

होंडा या गाड्यांसाठी १०डब्ल्यू-३० ग्रेडचं, जासो एमए (ऑइलात बुडालेल्या, म्हणजे ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचा जपानी दर्जा) दर्जाचं मोटरसायकल ऑइल सांगते. चारचाकीचं ऑइल घालू नका, मग ते कितीही महाग असो. त्यांतल्या अनेक ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती इंजिनाला चालतात, ओल्या क्लचला नाही. क्लच घसरायला लागतो आणि दोष गिअरबॉक्सवर येतो. ‘आपल्याकडे उकाडा जास्त, म्हणून घट्ट ऑइल’ हा सल्लाही गॅरेजात सहज मिळतो. पुस्तकात दिलेल्या ग्रेडबाहेर जायचं कारण नाही.

आणखी एक गोष्ट, जी गोव्यात डीसीटीची सवय नसलेल्या मेकॅनिककडून राहून जाऊ शकते. या गाडीला दोन ऑइल फिल्टर असतात, एक इंजिनाचा आणि दुसरा खास क्लचसाठी. त्या दुसऱ्याची बदलण्याची मुदत पुस्तकातल्या तक्त्यात वेगळी दिलेली असते. सर्व्हिसला देताना ‘क्लचचा फिल्टर कधी बदलला?’ हे स्पष्ट विचारा आणि बिलावर लिहून घ्या. जुनी गाडी विकत घेत असाल तर हा माझा पहिला प्रश्न असेल, टायरचा नंतर.

ऑइल दुधाळ, चॉकलेटी फेसासारखं दिसलं तर आत पाणी गेलं आहे. पुराच्या पाण्यातून गाडी काढल्यावर असं होऊ शकतं. इंजिन सुरू करू नका, गाडी टेम्पोत घाला.

बॅटरी

पावसाळ्यात इथे गाड्या जून ते सप्टेंबर आच्छादनाखाली असतात आणि ऑक्टोबरात पहिल्याच रपेटीला ‘गिअर अडकतो’ अशा तक्रारी सुरू होतात. मला यात पहिला संशय बॅटरीचाच येतो. स्टार्टर फिरवण्यापुरती ताकद तिच्यात असते, पण फिरवताना व्होल्टेज इतकं खाली जातं की संगणकाला नीट जागं होता येत नाही.

साधा मल्टिमीटर घरात ठेवा. गाडी रात्रभर उभी असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करा. इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ च्या आसपास दिसायला हवं. तसं नसेल तर चार्जिंगमध्ये दोष आहे आणि नवी बॅटरीसुद्धा काही दिवसांत बसेल.

टोकांवर पांढरी-हिरवी पूड जमली आहे का पाहा. किनाऱ्याजवळच्या गाड्यांत ती लवकर येते. साफ करा, नट घट्ट करा, वर पातळ ग्रीस लावा. त्याच वेळी फ्यूजच्या डब्याकडे नजर टाका. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच अँपिअरचा घाला, मोठा कधीच नाही. तो पुन्हा उडाला तर तिसरा घालू नका, वायर कुठेतरी शॉर्ट होते आहे. सीटखाली उंदराने वायर कुरतडली आहे का तेही बघा. शेतघराजवळ किंवा माडांच्या बागेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांना ही बाधा होते.

वरून लावलेले फॉगलाईट, चार्जर, हॉर्न, अलार्म यांचं काम कुठल्या वायरीतून घेतलं आहे हे ठाऊक नसेल तर ती सगळी जोडणी काढून गाडी चालवून पाहा. गिअर सुरळीत झाला तर उत्तर मिळालं.

चालताना गिअर बदलत नाही, किंवा भलताच बदलतो

इथे आधी मोड पाहा. ‘एमटी’ (मॅन्युअल) मध्ये असाल तर गाडी स्वतःहून वरचा गिअर टाकणार नाही, इंजिन कितीही ओरडलं तरी. उजव्या मुठीजवळच्या ए/एम बटणाला बोट लागून मोड बदललेला असतो आणि चालवणाऱ्याला वाटतं गिअर अडकला. पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा.

डाव्या हाताच्या ‘+’ आणि ‘–’ बटणांनीही प्रत्येक मागणी मान्य होत नाही. वेग जास्त असताना खालचा गिअर मागितला आणि त्याने इंजिनचे फेरे मर्यादेबाहेर जाणार असतील, तर ती तो देत नाही. वेग फार कमी असताना वरचा मागितला तरी नाही. थांबल्यावर ती आपोआप पहिल्यावर येते, तुम्ही काहीही दाबलं नाही तरी.

घाटातली तक्रार वेगळी असते. चोर्ला, अनमोड किंवा आंबोली चढताना ‘डी’ मध्ये गाडी लवकर वरचे गिअर घेते, वळणात दम सोडते, मग खालचा घेते आणि झटका बसतो. हा बिघाड नव्हे. ‘डी’ मोड इंधन वाचवण्यासाठी तसा लावलेला आहे. गाडीत ‘एस’ (स्पोर्ट) मोड असेल तर घाटात तो घ्या, त्याच्या पायऱ्यांपैकी पहिली नाहीतर दुसरी पुरते. किंवा वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, ‘–’ एकदा दाबा. वळण संपल्यावर ती पुन्हा स्वतःच्या हिशेबाने चालू लागते. चढावर थांबायची वेळ आली तर गाडी थ्रॉटलवर तोलून धरू नका, ब्रेकवर धरा. तोलून धरण्यात क्लच घसरत राहतो आणि तापतो.

हळू वेगातले धक्के पुष्कळदा गिअरचे नसून चेनचे असतात. आफ्रिका ट्विन आणि एक्स-एडीव्हीला चेन आहे, गोल्ड विंगला शाफ्ट. चेन सैल असेल तर प्रत्येक गिअर बदलाला खडखडाट होतो. किती सैल चालेल ते मागच्या फोर्कवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. पावसात चालवल्यावर चेन धुऊन, तेल घालून ठेवा. इथली लाल माती पाण्यात मिसळली की घासणाऱ्या पेस्टसारखी चेन खाते.

गिअरच्या गडबडीबरोबर एबीएसचा दिवाही लागला असेल तर चाकांच्या वेगाचे सेन्सर पाहा. डिस्कजवळच्या दातेरी कड्यात चिखल, रेती किंवा दोरीचा तुकडा अडकतो. पाण्याने हळुवार धुवा. प्रेशर वॉशरची धार सेन्सर, हँडलचे स्विच आणि वायरींच्या जोडांवर मारू नका, पाणी आत ढकललं जातं आणि पुढच्या आठवड्यात नवी तक्रार सुरू होते.

पडद्यावर ‘–’ लुकलुकतंय

गिअरच्या जागी आडवी रेघ लुकलुकायला लागली तर संगणकाने स्वतःच दोष पकडला आहे. एक अपवाद आहे: गाडी स्टँडवर उचलून मागचं चाक फिरवलं, किंवा पुढचं चाक जमिनीवरून उचललं गेलं, तरी ही रेघ येऊ शकते. तेव्हा इग्निशन बंद करून चालू केलं की ती जाते.

रस्त्यात आली तर असं करा. सुरक्षित बाजूला थांबा, ब्रेक धरा, इग्निशन बंद करा. थोडं थांबून चालू करा आणि इंजिन सुरू करून पाहा. सुरू होत नसेल तर गिअर अर्धवट अडकलेला असू शकतो. इग्निशन बंद ठेवून गाडी हाताने थोडी पुढे-मागे हलवा, म्हणजे दाते एकमेकांत बसतात किंवा सुटतात, आणि पुन्हा सुरू करा. ‘एन’ स्थिर दिसला तर ब्रेक धरून ‘डी’ दाबा. गिअर मिळाला तर कमी वेगाने, थेट सर्व्हिस सेंटरला जा. बेळगावचा बेत असेल तर तो तिथेच सोडा. घाटात रेंज मिळेलच असं नाही, आणि वळणावर ड्राइव्ह सुटणं जिवावर बेतू शकतं.

रेघ परत आली तर पुन्हा पुन्हा तोच प्रयोग करू नका.

गाडी हलवायची असेल तर टेम्पो किंवा पिकअप मागवा. दोरीने ओढत नेऊ नका. आत चढवल्यावर पार्किंग ब्रेक लावा आणि चारही बाजूंनी पट्टे बांधा, गिअर तिला धरून ठेवणार नाही. इग्निशन बंद असताना, पार्किंग ब्रेक सुटलेला असूनही मागचं चाक हलतच नसेल तर जोर लावू नका, मेकॅनिकलाच जागेवर बोलवा.

मेकॅनिकला काय सांगायचं

‘गिअर पडत नाही’ एवढंच सांगितलं तर तो अंधारात शोधत बसेल. मोबाईलवर पडद्याचा व्हिडिओ काढा, दिव्यांसकट. इंजिन थंड होतं की गरम, पाऊस होता का, थांबलेली होती की चालत होती, मोड कुठला होता, हे लिहून ठेवा. कुठले गिअर मिळतात आणि कुठले नाहीत हे तर नक्की सांगा. फक्त विषम किंवा फक्त सम गिअर अडत असतील तर कुठल्या क्लचच्या बाजूने शोधायचं याचा धागा त्याला मिळतो.

दोषाचे कोड डायग्नॉस्टिक यंत्राने वाचूनच काम सुरू करायला सांगा, आणि ते पुसण्याआधी त्यांचा फोटो घ्या. बॅटरी काढली की कोड जातील या आशेने घरी काहीही करू नका, पुरावा हरवू शकतो. क्लच किंवा त्याचे सेन्सर बदलले असतील तर क्लच नव्याने शिकवण्याची प्रक्रिया केली का ते विचारा, ती राहिली तर नवे भाग घालूनही झटके येतात. गाडी ताब्यात घेण्याआधी इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवून बघा. थांबा, निघा, चढावर पुन्हा निघा, ‘डी’, ‘एमटी’ आणि असेल तर ‘एस’, सगळे मोड वापरा, आणि हे सगळं मेकॅनिक सोबत असतानाच करा.